खेळायचं आधी, मत नंतर: टेबलटॉप गेममधल्या नव्या 'क्लास'ची जाहीर चाचणी नेमकी कशी होते?

स्टीलचा एक ग्लास, त्यात १ ते २० आकडे लिहिलेल्या वीस चिठ्ठ्या, चार मित्र आणि मोबाइलमध्ये डाउनलोड केलेली एक पीडीएफ. यवतमाळमध्ये गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री आम्ही एवढ्याच सामानावर खेळायला बसलो. वीस बाजूंचा फासा इथल्या दुकानात मागितला, तर दुकानदार आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. म्हणून चिठ्ठ्या. चिठ्ठी काढायची, आकडा बघायचा, परत ग्लासात टाकायची. गणित तेच राहतं.

आम्ही खेळत नव्हतो खरं तर, तपासत होतो. एखाद्या खेळात नवी भूमिका आणायची तर ती चालेल की नाही हे ठरवायचं कसं? जगातल्या मोठ्या टेबलटॉप गेम कंपन्या हा प्रश्न गेली अनेक वर्षं थेट लोकांना विचारत आहेत. नवे नियम अर्धवट अवस्थेत फुकट वाटायचे, लोकांनी ते घरी खेळून बघायचे आणि मग फॉर्म भरायचा. याला म्हणतात जाहीर प्लेटेस्ट. ही चाचणी कशी चालते, त्यात आपल्या मताला किती किंमत असते आणि यवतमाळ, पुसद किंवा वणीत बसलेल्या माणसाला त्यात काय करता येतं, ते पाहू.

आधी हे सांगा, 'क्लास' म्हणजे काय?

इथे क्लास म्हणजे शिकवणी नव्हे. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम हा टेबलाभोवती बसून तोंडी खेळायचा खेळ आहे. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. 'मी भिंतीवरून उडी मारतो' असं तुम्ही म्हणालात, की उडी जमली की नाही हे फासा ठरवतो. संहिता नसलेलं नाटक म्हणा हवं तर.

प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो. लढवय्या, जादूगार, चोर वगैरे. क्लास म्हणजे इतरांना नसलेला एक हक्क. हे समजायला खो-खोचं उदाहरण सगळ्यात सोपं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो खो लीग झाली, तेव्हा त्यात 'वजीर' आणला गेला. हा खेळाडू कोणत्याही दिशेला पळू शकतो. बाकी मैदान, खांब, खो सगळं तेच, पण एका खेळाडूला वेगळा हक्क मिळाला आणि पळणाऱ्यांचं अख्खं गणित बदललं. टेबलटॉपमध्ये नवा क्लास येतो तेव्हा असंच होतं. म्हणूनच तो छापण्याआधी तपासावा लागतो.

या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. सुरुवातीला तीनच क्लास होते. त्यातला क्लेरिक, म्हणजे दैवी शक्ती असलेला पुजारी-योद्धा, कसा जन्माला आला ते ऐकण्यासारखं आहे. आर्नेसन यांच्या टेबलावर एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं आणि ते बाकीच्यांना आवरेना. त्याला रोखायला कोणीतरी हवं, म्हणून हा क्लास आला. चोराचा क्लास १९७५ मध्ये आला, तोही कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात खेळणाऱ्या मंडळींच्या कल्पनेवरून. म्हणजे क्लास टेबलावरून यायची रीत पहिल्यापासून होती. फरक इतकाच की तेव्हा टेबलं मोजकी होती.

जाहीर चाचणी कधीपासून?

'पाथफाइंडर' हा खेळ बनवणाऱ्या पायझो कंपनीने २००८ मध्ये आपल्या नियमांचा कच्चा मसुदा लोकांसमोर ठेवला. २००९ मध्ये पुस्तक आलं तेव्हा ५० हजारांहून अधिक जणांनी चाचणीत भाग घेतल्याचं कंपनीने सांगितलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची कंपनी, विझार्ड्स ऑफ द कोस्ट, हिने मे २०१२ मध्ये पाचव्या आवृत्तीची चाचणी सुरू केली. ती दोनेक वर्षं चालली. २०१४ मध्ये आलेल्या पुस्तकात १ लाख ७५ हजारांहून अधिक चाचणीकर्त्यांचे आभार मानलेले आहेत.

त्यानंतर २०१५ पासून याच कंपनीने 'अनअर्थ्ड आर्काना' या नावाने नवे क्लास आणि नियम नियमित वाटायला सुरुवात केली. पद्धत साधी आहे. काही पानांची पीडीएफ फुकट येते, वर ठळक लिहिलेलं असतं की हे अंतिम नाही. काही दिवसांनी ऑनलाइन सर्व्हे उघडतो. प्रत्येक क्षमतेपुढे 'खूप समाधानी' ते 'खूप असमाधानी' असे पर्याय असतात आणि खाली लिहायला जागा. मुदत संपली की फॉर्म बंद.

इंजिनिअरिंग केलेल्यांना हे सॉफ्टवेअरच्या बीटा टेस्टिंगसारखं वाटेल. (आमच्या फायनल इयर प्रोजेक्टच्या रिपोर्टमधलं 'टेस्टिंग' हे प्रकरण आम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.) पण एक मोठा फरक आहे. सॉफ्टवेअर बिघडलं तर स्क्रीनवर एरर दिसतो. खेळ बिघडला तर फक्त एक माणूस कंटाळून मोबाइल काढतो. तो एरर पकडायचा कसा?

एक क्लास पास झाला, एक नापास

आर्टिफिसर हा क्लास म्हणजे यंत्रं आणि जादू एकत्र करणारा कारागीर. आमच्यासारख्यांना तो आवडणारच. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो पहिल्यांदा चाचणीला आला, तेव्हा स्वतंत्र क्लास नव्हताच, जादूगाराची एक उपशाखा होता. जानेवारी २०१७ मध्ये तो स्वतंत्र क्लास म्हणून परत आला, त्यात बंदूक वापरणारी एक शाखा होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिसऱ्यांदा आला तेव्हा बंदूकवाली शाखा गायब होती आणि तिच्या जागी जादुई तोफ उभी करणारी शाखा आली होती. त्याच वर्षी मे महिन्यात चौथा मसुदा आला, त्यात आणखी दोन शाखा जोडल्या गेल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'एबेरॉन' या जगावरच्या पुस्तकात आर्टिफिसर छापून आला, तेव्हा त्या दोनपैकी एकच शाखा उरली होती. २०१४ च्या मूळ पुस्तकात १२ क्लास होते. तेराव्याला पुस्तकात जागा मिळवायला पावणेपाच वर्षं आणि चार मसुदे लागले.

मिस्टिकचं नशीब वेगळं होतं. मनाच्या शक्तीवर चालणारा हा क्लास मार्च २०१७ मध्ये पूर्ण स्वरूपात चाचणीला आला. त्यात सहा शाखा होत्या. कागदावर फार देखणा. पण मिस्टिक लढवय्याचं काम करायचा, चोराचंही करायचा, जखमाही भरायचा. टेबलावर बाकीच्यांना उरायचं काय? २०२० मध्ये कंपनीने तो सोडून दिल्याचं सांगितलं. त्यातल्या काही कल्पना त्याच वर्षीच्या पुस्तकात इतर क्लासच्या उपशाखा म्हणून आल्या. मनाच्या शक्तीचा स्वतंत्र क्लास पुन्हा चाचणीला यायला २०२५ चा मे महिना उजाडला, नाव होतं सायन.

मला मिस्टिकची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. चुकीचा क्लास छापून लाखो टेबलांवर गेला असता, तर तो परत घेता आला नसता. पीडीएफ मागे घेता येते, लोकांच्या कपाटातलं पुस्तक येत नाही.

७० टक्क्यांचं गणित, आणि त्यातली गोम

ऑगस्ट २०२२ पासून पाचव्या आवृत्तीच्या सुधारित नियमांची मोठी चाचणी झाली. तेव्हाचे मुख्य नियम-रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी व्हिडिओंमधून आपला ढोबळ हिशेब सांगितला होता. ७० टक्क्यांच्या वर समाधान असेल तर ती गोष्ट पुढे जाते, ८० च्या वर असेल तर फारच उत्तम. त्याखाली गेलं की डागडुजी किंवा निरोप.

हा हिशेब चाललाही. २०२३ च्या सुरुवातीला ड्रुइड या क्लासमध्ये बदल सुचवला गेला. ड्रुइड प्राण्याचं रूप घेतो. जुन्या नियमात प्रत्येक प्राण्याची आकडेवारी वेगळी, म्हणजे खेळताना पानं उलटत बसायचं. नव्या मसुद्यात तीनच साचे होते, जमिनीवरचा, पाण्यातला आणि आकाशातला. सोपं झालं होतं, यात शंका नाही. पण लोकांना अस्वल आणि लांडगा एकाच साच्यातून निघालेले नको होते. साचे मागे घेतले गेले. इंजिनिअर म्हणून माझं मत साच्यांच्या बाजूने गेलं असतं, आणि मी चुकलो असतो.

मग गोम कुठे आहे? फॉर्म 'आवडलं का' हे विचारतो. 'चाललं का' हा वेगळा प्रश्न आहे. आणि न खेळता, नुसती पीडीएफ वाचूनही फॉर्म भरता येतो. तुम्ही खेळलात का, हे कोणी येऊन बघत नाही.

हे आम्हाला आमच्याच ग्लासातल्या चिठ्ठ्यांनी शिकवलं.

टिपेश्वरच्या जंगलात हरवलेला बैल

आम्ही स्वतः एक क्लास बनवला होता, नाव ठेवलं 'वाटाड्या'. गोष्ट अशी: पोळा दोन दिवसांवर, उद्या खांदमळणी, आणि पांढरकवड्याकडच्या एका गावातला बैल रात्री टिपेश्वरच्या जंगलात शिरलाय. सकाळच्या आत तो आणायचा. जंगलात वाघ आहेत, हे सांगायची गरज नाही. मी गेम मास्टर, बाकी तिघे पात्रं, त्यातला एक वाटाड्या.

वाटाड्याचा हक्क एकच. सोबत्याची चिठ्ठी कमी आकड्याची निघाली, तर तो म्हणू शकतो, 'पुन्हा काढ.' दोनातला मोठा आकडा धरायचा. कितीही वेळा.

यातलं गणित मजेशीर आहे. एखाद्या कामाला ११ किंवा जास्त हवे असतील तर एका चिठ्ठीत शक्यता ५० टक्के. दुसरी संधी मिळाली की ती ७५ होते. १५ हवे असतील तर ३० वरून ५१. पण २० च हवा असेल तर ५ वरून फक्त ९.७५ टक्के. म्हणजे हा हक्क मध्यम अवघड कामात सगळ्यात जास्त कामाला येतो, आणि खेळातली बहुतेक कामं मध्यम अवघडच असतात. हे मी आधी कागदावर मांडलं होतं. मला वाटलं, थोडा जास्त ताकदवान आहे, पण चालेल.

दोन-सव्वादोन तासांत वाटाड्याने तो हक्क वीसेक वेळा वापरला. बैल सापडला, वाघ लांबूनच दिसला, सगळे खूश. शेवटी मी चौघांचे गुण घेतले, पाचपैकी. दोघांनी ५ दिले, मी ४ दिले. वाटाड्या झालेल्या मित्राने २ दिले. बेरीज १६, सरासरी ४. कागदावर क्लास दणदणीत पास.

'काय झालं बे?' मी विचारलं. तो म्हणाला, 'माझी पाळी आली की मी काय करत होतो, सांग. तुमच्याच चिठ्ठ्या पाहत बसलो ना रात्रभर.'

खरं होतं. वाटाड्या दुसऱ्यांचं काम सोपं करत होता, पण स्वतःच्या पाळीला त्याच्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. बाकीच्यांना मदत मिळत होती, म्हणून त्यांनी भरभरून गुण दिले. ज्याच्या हातात तो क्लास होता त्याचं मत सरासरीत विरघळून गेलं. हा दोष माझ्या गणितात कुठेच दिसत नव्हता, कारण तिथे कंटाळा मोजायचा रकाना नव्हता.

पुढच्या शनिवारी नियम बदलला. हक्क रात्रीतून तीनदाच. आता वेगळीच गंमत झाली. वाटाड्याने पहिल्या तासात एक वापरला, दुसऱ्या तासात एक, आणि तिसरा 'वाघ आला तर' म्हणून राखून ठेवला. वाघ आला नाही. खेळ संपला तेव्हा तिसरा त्याच्याकडेच होता. घरात पाहुण्यांसाठी ठेवलेली नवी चादर वर्षानुवर्षं घडीतच राहते, तसं.

सगळे असंच विचारतात का?

नाही. पायझोने ऑगस्ट २०१८ मध्ये 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीची चाचणी घेतली, तेव्हा नियमांसोबत अनेक भागांचं एक खास साहसही दिलं. प्रत्येक भाग खेळाची वेगळी बाजू ताणून बघायला लिहिलेला. तो भाग खेळा आणि मग त्याच भागाबद्दलचा फॉर्म भरा. म्हणजे मत प्रत्यक्ष खेळलेल्या प्रसंगाला बांधलेलं. त्या चाचणीत जादुई वस्तू किती वापरता येतील यावर मर्यादा घालणारा 'रेझोनन्स' नावाचा नियम होता. तो २०१९ च्या अंतिम पुस्तकात आला नाही. त्यानंतरही कंपनी नवे क्लास जोडीजोडीने किंवा चारच्या गटाने चाचणीला आणत राहिली आहे.

माझा कौल या पद्धतीला. फॉर्म भरणारे कमी मिळतील, पण जे मिळतील ते टेबलावरून उठून आलेले असतील.

जेव्हा लोकांनी परवान्यालाच नापास केलं

जानेवारी २०२३ मध्ये मात्र वेगळंच घडलं. विझार्ड्स ऑफ द कोस्टला आपल्या नियमांवर इतरांनी साहित्य बनवण्याचा जुना खुला परवाना बदलायचा होता. विरोध झाला. मग कंपनीने नव्या परवान्याचा मसुदाच प्लेटेस्टसारखा लोकांसमोर ठेवला, सर्व्हेसकट. १५ हजारांहून अधिक उत्तरं आली. ८८ टक्के लोकांनी या परवान्याखाली आम्ही काही छापणार नाही असं सांगितलं, जुना परवाना रद्द करण्यावर ८९ टक्के नाराज होते. मुदत संपायच्या आतच, २७ जानेवारीला, कंपनीने माघार घेतली आणि सुमारे ४०० पानांचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला.

याचा आपल्याशी संबंध आहे. त्या नियमसंचात बाराही क्लास आहेत, आणि मूळ श्रेय दिलं तर तो कोणीही भाषांतरित करू शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो. खेळाचं नाव आणि बोधचिन्ह तेवढं आपलं म्हणून वापरता येत नाही. कंपनीने स्वतः फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत तो दिला. मराठीत करायला कुणाची परवानगी लागत नाही. वऱ्हाडीत करायलाही नाही.

मग यवतमाळमधून काय करता येईल?

चाचणीच्या पीडीएफ फुकट असतात, मोबाइलवर उघडतात. 'पाथफाइंडर'चे तर जवळजवळ सगळे नियम ऑनलाइन कायदेशीररीत्या मोफत वाचता येतात. फासे नसतील तर चिठ्ठ्या आहेत, फासा टाकणारी मोफत ॲप्सही आहेत. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली भाषेची: मसुदा इंग्रजीत, सर्व्हे इंग्रजीत. आम्ही टेबलावर मराठीत भांडलो आणि फॉर्म भरताना 'माझी पाळी आली की मी काय करत होतो' याचं इंग्रजी शोधत बसलो असतो. 'बोअरिंग' असं एका शब्दात लिहिलं तर रचनाकाराला काहीच कळत नाही.

दुसरी, हे सगळं फुकटचं काम आहे. हजारो लोक चाचणी करतात, पुस्तक कंपनीचं विकलं जातं आणि मोबदल्यात फार तर आभाराची एक ओळ मिळते. हा आक्षेप जुना आहे आणि रास्त आहे. पण ज्यांना तो खेळ पुढची दहा वर्षं खेळायचाय, त्यांना नियम बिघडू नयेत यातच रस असतो. ज्याने त्याने ठरवावं.

फॉर्म भरणारच असाल, तर एवढं करा: किमान एक बैठक खेळा, खेळताना एक जण नोंद ठेवू द्या. कोणती क्षमता किती वेळा वापरली, कोणती वापरलीच नाही, कोण किती वेळ गप्प बसला. गुण घेताना ज्याच्या हातात तो क्लास होता त्याचे वेगळे लिहा. आणि 'हे कमकुवत आहे' असं लिहिण्याऐवजी 'दुसऱ्या तासाला हे घडलं' असं लिहा.

वाटाड्याचा तिसरा मसुदा तयार आहे. यावेळी त्याला स्वतःच्या पाळीला माग काढता येईल, म्हणजे पुढच्या वाटेवर काय आहे ते गेम मास्टरला एक प्रश्न विचारून कळेल, आणि उत्तर खरंच द्यावं लागेल. गेम मास्टर म्हणून मला हा नियम अजिबात आवडलेला नाही. शनिवारी खेळून बघणार आहोत. मित्राची एकच अट आहे, यावेळी वाटाड्या मी व्हायचं.